शनवारमामांची याजकी

“मामा, दार उघडा! देवी आत आन् पालखी भाईर, ह्याला काय जत्रा म्हंत्यात व्हय?”

तात्या ओरडत होते. तात्या ओरडले की समोरच्या डोंगरावरची जनावरं चरायची थांबतात, हे आमच्याकडे रोजचंच. त्या दिवशी मात्र मुठेच्या पलीकडच्या फार्महाऊसवरचे पुणेकर पोहायच्या तलावातून ओलेते बाहेर आले, असं म्हणतात. शनिवार होता. चैत्री पौर्णिमा होती. ऊन डोक्यावर चढत होतं. दारासमोर रिकामी पालखी, सहा ढोल, अख्खं गाव आणि बंदोबस्ताला आलेली एक कॉन्स्टेबल बाई. आत स्टुलावर आमच्या देवीचा चांदीचा मुखवटा होता आणि त्याच्या शेजारी खुर्चीत बसून शनवारमामा थर्मासमधला चहा पीत होते.

“दार उघडंच आहे, तात्या,” मामा आतून म्हणाले. “फक्त आज मला काही उचलायला सांगू नकोस.”

आता हे मामा कोण, आणि मुळशी तालुक्यातल्या एका देवीचं तोंड यहुद्याच्या घरात काय करत होतं, ते सांगतो. सगळं खरं सांगतो. थोडं वाढवतो, कारण आमच्या खोऱ्यात गोष्ट वाढवल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही.

मामा गावचे तेल गाळणारे. धर्माने बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून उतरले, तिथे घाण्याला लागले, आणि त्यातली एक शाखा मामांच्या पणजोबांच्या वेळी घाट चढून आमच्याकडे आली. भाकरी आमच्यासारखी, भांडणं आमच्यासारखी. बोलणं तेवढं पुस्तकी, कारण आजोबांनी त्यांना जुनी मराठी धर्मपुस्तकं मोठ्याने वाचायला लावलं होतं. फरक म्हणाल तर एकच. शुक्रवारी दिवेलागणीला रिबकामामी दिवा लावायच्या आणि तिथपासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत मामा काही म्हणजे काही करत नसत. घाणा बंद, विस्तव बंद, गाडी बंद, लिहिणं बंद, ओझं उचलणं बंद. शनिवारी त्यांच्या मांडीवरून मांजर उठवायचं असलं तरी ते मांजराच्या मर्जीची वाट पाहत. म्हणून ते शनवारमामा.

मोटारीचा घाणा येण्याआधी त्यांच्याकडे एक बैल होता. तो उतारवयाला लागल्यावर उरवड्याच्या एका शेतकऱ्याने हलक्या कामाला म्हणून नेला आणि महिनाभरात परत आणून बांधला. “सा दिस सोन्यावानी चालतोय,” तो म्हणाला, “आन् शनवारी बसतोय. चाबूक उगारला तर माझ्याकडं असा बगतोय, जसा मीच बाटलोय.” मामांनी बैल मुकाट ठेवून घेतला. पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या आणि तिथली पोरं शनिवार-रविवार दोन्ही दिवस घरी बसतात असं कळलं, तेव्हा आमच्या आजोबांचा ठाम समज झाला की ही माणसं यहुदीही आहेत आणि ख्रिस्तीही. दोन धर्म एकदम पाळायचे म्हणजे पगारही तसाच असणार, असं ते म्हणायचे.

तर देवीचं असं झालं. गावात भावक्या दोन, थोरली आणि धाकटी. आडनाव एक, मूळपुरुष एक, देवी एक. बाकी सगळं दोन. मी धाकट्यांपैकी, तेव्हा थोरल्यांबद्दल जे सांगेन त्यातलं निम्मं सोडून द्या. जत्रेला देवळातला मुखवटा पालखीत ठेवायचा पहिला मान कुणाचा, यावर दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. एका वर्षी दोन्हीकडच्यांनी एकदम हात घातला. आधी देवीची नथ तुटली, मग माणसांची डोकी फुटली. तालुक्याच्या कचेरीने मुखवटा ताब्यात घेऊन लोखंडी कपाटात घातला. जत्रेच्या सकाळी न्यायचा, दुसऱ्या सकाळी परत आणायचा. तोही दोन्ही भावक्यांत नसलेल्या एकाच माणसाने. त्यानेच न्यायचा, त्यानेच स्वतःच्या हाताने पालखीत ठेवायचा, त्यानेच परत करायचा.

असा माणूस शोधताना गावाची दमछाक झाली. गुरव थोरल्यांचा व्याही निघाला. शाळेतले गुरुजी परगावचे, पण त्यांची बायको धाकट्यांची. बौद्धवस्तीत गेलो, तर ओट्यावर बसलेली आजी म्हणाली, “आमी त्या भानगडीतनं कवाच सुटलो. आता तुमी सुटा.” उरले मामा.

मामा पांढरी टोपी घालून कचेरीत गेले. साहेबांनी कपाट उघडलं. मामांनी मुखवट्याकडे पाहिलंच नाही. कपाटाची जाड दारं, लाखेची मोहर, बाहेरचा शिपाई, सगळं न्याहाळून ते म्हणाले, “हे तर अंतोनियासारखं झालं.” साहेबांना वाटलं, ही मुठेच्या बाजूला होणारी एखादी नवी टाउनशिप असावी. मंजुरी आहे का, असं त्यांनी विचारलं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मामांनी आम्हाला अंतोनिया सांगितला, आणि त्या दिवसापासून पुढे कित्येक वर्षं दुसरं काही सांगितलं नाही. यरुशलेमला यहुद्यांचं मंदिर होतं. त्याचा महायाजक म्हणजे सगळ्या याजकांचा, पुजाऱ्यांचा, वरचा. पण राज्य रोमी लोकांचं. महायाजकाचा सणाचा झगा, घोळाला सोन्याच्या घंटा लावलेला, छातीवर बारा वंशांची बारा रत्नं, तो रोमी सुभेदार मंदिराला लागून असलेल्या अंतोनिया किल्ल्यात कुलपात ठेवायचा. सण आला की द्यायचा, सण झाला की परत कुलपात. आणि महायाजक नेमायचाही सुभेदारानेच, काढायचाही त्यानेच. लोकांना वाटायचं हा सुभेदाराचा माणूस. सुभेदाराला वाटायचं हा लोकांचा. वर्षातून एकदा मात्र सगळ्यांच्या पापांची माफी मागायला अगदी आतल्या खोलीत तो एकटा जायचा, आणि तेव्हा त्याच्याबरोबर ना लोक असत, ना सुभेदार.

“मंग हितं रोमी कोण?” थोरल्यांच्या तात्यांनी विचारलं.

“साहेब.”

“आन् आमी?”

“तुम्ही बारा वंश.”

“मामा, आमी दोनच हाव,” आमचे भाऊकाका मामांच्या पलीकडून म्हणाले, “आन् तेच जमंना.”

भाऊकाका म्हणजे धाकट्यांचे तात्या. दोघं एका जीपमध्ये बसले होते ते मधे मामा होते म्हणून.

मामा कोण, हे मात्र त्या दिवशी ठरलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून ठरलेलं नाही. नेमलेत साहेबांनी, म्हणून ते महायाजक धरावेत, तर त्यांचा आमच्या देवीवर विश्वास नाही. मूर्तीपुढे मान झुकवणं त्यांच्या धर्मात बसत नाही. किल्ल्याचे रखवालदार, म्हणजे रोमी धरावेत, तर ते यहुदी. गुरव पार गोंधळून गेला. मामांना बघून नमस्कार करावा, सलाम करावा की तेलाचा भाव विचारावा, हे त्याला जत्रेच्या आठवड्यात सुचायचं नाही. तो तिन्ही करायचा. मामांनी आपल्यापुरता एक नेम ठरवला होता. मुखवटा पांढऱ्या धुतल्या कापडात गुंडाळून आणायचा, तोंड झाकलेलंच ठेवायचं, आणि पालखीत ठेवताना नजर बाजूला वळवून वरचं कापड ओढून घ्यायचं. देवीला ते ‘तुमच्या बाई’ म्हणायचे. “मी तुमच्या बाईंना हात जोडणार नाही,” त्यांनी पहिल्याच वर्षी देवळासमोर सांगून टाकलं, “आणि तुमच्यापैकी कुणाला त्यांना हात लावू देणार नाही.” बायका म्हणाल्या, इतकं सोवळं तर गुरवाच्या बापानेही पाळलं नव्हतं.

दोन्हीकडून शिव्या बसायच्या त्या वेगळ्या. मामा धाकट्यांच्या शेंगा घेतात, म्हणजे ते धाकट्यांचे, असं थोरले म्हणायचे. मामा तात्यांच्या गिरणीवर दळण देतात, म्हणजे ते थोरल्यांचे, असं आम्ही. मामा खूश असायचे. “दोन्हीकडचे नावं ठेवतायत ना, मग माझं काम ठीक चाललंय,” ते म्हणत. “ज्या दिवशी एका बाजूने माझं कौतुक केलं, त्या दिवशी मी टोपी काढून ठेवीन.” त्यांचं कौतुक होऊ नये याची काळजी दोन्ही भावक्यांनी मनापासून घेतली.

काही वर्षं निभावलं. मग ती पौर्णिमा शनिवारी आली.

मामांनी हे दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. जो भेटेल त्याला सांगत, जत्रा शनिवारी आहे, मला काही करता यायचं नाही. लोक मान हलवत आणि तेल घेऊन जात. होळी उलटली तेव्हा मामा स्वतः कचेरीत गेले. साहेब बदलून नवे आले होते. मामांनी त्यांना सांगितलं की मुखवटा आधी मिळावा. रोमी सुभेदारसुद्धा महायाजकाचा झगा सणाच्या सात दिवस आधी देत असे. साहेब म्हणाले, मग अर्ज त्यांच्याकडेच करा. शेवटी मामांची काकुळती पाहून त्यांनी शुक्रवार मंजूर केला. मामा समाधानाने परतले. मुखवटा आदल्या दिवशी आपल्या घरी येईल, शनिवारी गाव पालखी दारात आणील आणि घेऊन जाईल. आपल्याला बोटही हलवायला नको. आम्हालाही ते पटलं. अख्ख्या गावाला पटलं. इतकं पटलं, की त्यात खोट कुठे आहे ते एकालाही दिसलं नाही.

शुक्रवारी दुपारी मामांना न्यायला-आणायला माझी मोटारसायकल होती. पुढे मी, मागे मामा, मधे कापडात गुंडाळलेली देवी. साहेबांच्या सहीला उशीर झाला. पिरंगुटला आलो तर कंपनीचा एक ट्रेलर वळणावर आडवा, आणि त्याच्या मागे अर्धा जिल्हा उभा. सूर्य खाली जायला लागला तशी मामांची बोटं माझ्या खांद्यात रुतायला लागली. त्यांनी दोन्ही देवांची नावं घेतली असतील असं मी म्हणणार नाही, पण माझ्या देवीला माझ्या पाठीशी इतकं घट्ट कुणी कधी धरलं नव्हतं. मी गटारातून गाडी काढली, उसातून काढली, एका लग्नाच्या मांडवातून काढली आणि तिथे आहेर न करता निघालो. घराशी पोचलो तेव्हा मामी उंबऱ्यात पेटवायच्या काडीसह उभ्या होत्या. मामा मुखवटा बाहेरच्या खोलीत स्टुलावर ठेवून हात धुवायला पळाले, आणि मामींनी काडी ओढली.

मग गावच्या बायका आल्या ओट्या भरायला. देवी जिथे, ओटी तिथे; त्या का थांबतील? आतल्या खोलीत मामा पेल्यात मनुकांचं सरबत घेऊन शनिवारची प्रार्थना म्हणतायत, बाहेरच्या खोलीत देवीच्या तोंडावरचं कापड बाजूला सारून खणा-नारळांचा ढीग लागतोय, आणि मधल्या दारात मामी उभ्या, आलेल्या बायकांना हळदीकुंकू द्यावं की आपलं शनिवारचं ‘शब्बाथ शालोम’ म्हणावं या पेचात. त्यांनी शेवटी पडदा ओढून घेतला.

आणि सकाळी पालखी दारात आली. तात्या आणि भाऊकाका एकाच वेळी पुढे झाले, एकाच वेळी थांबले, आणि तेव्हा गावाच्या डोक्यात उजेड पडला. मुखवटा मामांनी उचलायचा नाही, तर मग उचलायचा कुणी? ज्या एका गोष्टीसाठी कचेरी, कपाट, सही आणि यहुदी, एवढा खटाटोप केला होता, तीच सगळे मिळून विसरलो होतो. शनिवार सांभाळायच्या नादात मामाही विसरले होते.

तात्या ओरडले ते तेव्हा.

मामांचा चेहरा मी दारातून पाहत होतो. कपातला चहा तसाच होता. पालखी दुपारच्या आत निघाली नाही तर जत्रा मोडणार, आणि भांडण झालं तर मुखवटा पुन्हा कधीच कपाटाबाहेर येणार नाही, असं साहेबांनी बजावलेलं. आणि इकडे मामांनी जन्मात शनिवारी काही उचललेलं नाही, त्यांच्या वडिलांनी नाही, आजोबांनी नाही. आसपास त्यांचं देऊळ नाही, जातभाई नाही. खोऱ्यात यहुदी असल्याची त्यांची खूण म्हणजे तो एक दिवस.

लोकांनी तोडगे सुचवले. कॉन्स्टेबल बाईंना म्हटलं तुम्ही उचला, तर त्या म्हणाल्या, “मी बंदोबस्ताला आहे, हमालीला नाही.” मामींचाही शनिवारच. मग कुणीतरी पळत जाऊन फार्महाऊसच्या बिहारी वॉचमनला पकडून आणलं. तो ना थोरला ना धाकटा. त्याने एकदा तात्यांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, एकदा आमच्या बाजूच्या काठ्यांकडे पाहिलं, आणि मुखवट्याला लांबूनच हात जोडून म्हणाला, “माताजी माफ करे, हमारे बच्चे छोटे हैं.” तो गेला.

“महायाजकाला एक बदली माणूस नेमलेला असायचा,” मामा आतून म्हणाले. स्वतःशीच बोलल्यासारखे. “आयत्या वेळी काही अडलं तर. मी तो नेमला नाही.”

“आता काय नेमताय, डोंबल?” तात्या म्हणाले आणि उंबऱ्याच्या आत पाय टाकला. भाऊकाकांनी त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं. सदरा फाटला. तात्यांची काठी वर गेली. ढोल वाजवणाऱ्यांनी ढोल खाली ठेवले, आणि आमच्याकडे ढोल खाली ठेवले की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कॉन्स्टेबल बाई शिट्टी फुंकत होत्या आणि ती कुणाला ऐकू येत नव्हती.

मामा उठले. कप खाली ठेवला. कापड गुंडाळायला थांबले नाहीत. उघड्या तोंडाची देवी दोन्ही हातांनी छातीशी धरून दारात आले. तिचं तोंड आणि मामांचं तोंड एकाच उंचीवर, शेजारी शेजारी. काठी हवेत होती ती तशीच राहिली.

“सरका,” मामा म्हणाले.

दोन्ही भावक्या सरकल्या. मामांनी अंगण ओलांडलं, मुखवटा पालखीत ठेवला, नजर न वळवता. मग रिकामे हात तसेच पुढे धरून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शनिवारी त्यांच्या घराचं दार कधी लागत नसे.

जत्रा झाली. कशी झाली ते मला आठवत नाही, आणि मला आठवत नाही असं मी फार कमी वेळा म्हणतो. ढोल वाजले, पण ताल कुणाचा कुणाला लागत नव्हता. जिंकलं कोण, हे कळेना. तात्या तर फाटक्या सदऱ्यानेच पालखीपुढे चालले.

दुसऱ्या दिवशी मुखवटा परत द्यायला मी मामांना मोटारसायकलवरून, रविवारी तेवढ्यापुरत्या उघडलेल्या कचेरीत नेलं. वाटेत त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, मामा, जीव वाचवायचा असला तर तुमच्यात शनिवार मोडलेला चालतो ना? मीच तुमच्याकडून ऐकलंय.

“चालतो,” मामा म्हणाले. “पण मी कुणाचा जीव वाचवायला उठलो, की तुम्हा सगळ्यांचा कंटाळा येऊन उठलो, ते मला कळत नाही. कंटाळ्यासाठी चालत नाही.”

त्यानंतरच्या शनिवारी तात्यांची गिरणी बंद. विचारलं तर म्हणाले, लाइट नाही. गावभर पंखे फिरत होते. भाऊकाकांच्या लक्षात आलं तशी त्यांनी पुढच्या शनिवारी आपलं किराणा दुकान लावून घेतलं. म्हणाले, पाठ धरली. थोरल्यांनी मग रसवंती बंद केली, धाकट्यांनी सलून. दर शनिवारी कुठली भावकी जास्त बंद ठेवते याची अशी चुरस लागली, की गावात दळण मिळेना, साखर मिळेना, दाढी होईना. शेवटी दोन्हीकडच्या बायका लाटणी घेऊन निघाल्या आणि शनिवार पुन्हा उघडला. या सगळ्या काळात एकही माणूस मामांना काही बोलला नाही. मामा खुर्चीत बसून बंद दुकानांकडे बघायचे आणि मामींना म्हणायचे, “मी एक मोडला, हे इतके पाळतायत. याचं काय करायचं ते वरच्यानेच ठरवावं, माझ्या डोक्याबाहेर आहे.”

त्याच वर्षी मामींचे गुडघे पार गेले. मुलगी इस्राएलात; ती कधीची बोलावत होती. घाणा विकला, घराच्या जागी आता प्लॉटिंगचा बोर्ड आहे. निघाले त्या दिवशी टॅक्सी दारात आली, तर मामांच्या बॅगा उचलायला तात्या आणि भाऊकाका एकदम पुढे झाले. मामांनी दोघांना थांबवलं आणि दोन्ही बॅगा स्वतः उचलल्या. बुधवार होता.

पोचल्यावर त्यांचा एकदा फोन आला. बरं आहे म्हणाले, समुद्र आहे, मुलगी जीव लावते. मग म्हणाले, “अरे, इथं शनिवारी अख्खं शहरच बंद असतं. मी बंद आहे हे कुणाला दिसतच नाही.” मी हसलो. ते हसले की नाही, ते इतक्या लांबून नीट कळलं नाही. पुढच्या हिवाळ्यात मुलीने कळवलं, मामा गेले.

चैत्र आला आणि कचेरीने विचारलं, मुखवटा कोण नेणार. गावात बैठका झाल्या, नावं निघाली, पडली. शेवटी तात्या आणि भाऊकाका एका जीपमध्ये बसून तालुक्याला गेले. मधे बसायला कुणी नव्हतं म्हणून मला बसवलं. साहेब दौऱ्यावर होते, टेबलाशी एक कारकून होता. मान खाली घालून काहीतरी लिहीत होता.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. इतक्या हळू आवाजात बोललेले तात्या मी पहिल्यांदाच ऐकले.

“सायेब,” ते म्हणाले, “आमचा यहुदी गेला. दुसरा द्या.”

कारकुनाने वर पाहिलं नाही.

“शिल्लक नाही,” तो म्हणाला.